बाजार बघणारे आणि बाजार करणारे

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत 'आठवडे बाजार आता कालबाह्य झाले आहेत' या विषयावर मी अनुकूल बाजूने बोलले आणि मला दुसरे बक्षीस मिळाले. धूळ, माश्या, उघड्यावरचे खाद्यपदार्थ, काटा मारणारे व्यापारी, वाहतुकीची कोंडी असे सारे मुद्दे मी क्रमाने मांडले होते. 'नव्या शतकाकडे पाठ करून बसलेली ही व्यवस्था' या माझ्या वाक्याला टाळ्या पडल्या. ज्या गुरुवारी मी हे वाक्य म्हटले त्याच गुरुवारी, सभागृहापासून अर्ध्या मैलावर, माझी आई गोणपाट अंथरून सुक्या मिरच्या विकत बसली होती. संध्याकाळी तिने विचारले, "कशावर बोल्लीस गं?" मी म्हणाले, "अर्थशास्त्रावर." ती खूश झाली. बक्षिसाचा पेला तिने देवाच्या फळीवर ठेवला आहे आणि आल्यागेल्याला ती तो दाखवते.

असो. मला लिहायचे आहे ते फार दूरच्या एका शहरातील बाजारांविषयी, आणि त्यांच्याविषयी वाचल्यावर माझे मत का बदलले याविषयी.

यंदा समाजशास्त्राच्या तासाला सरांनी मालिनोव्स्की शिकवला. ट्रोब्रिअँड बेटांवर राहून तिथल्या लोकांच्या देवघेवीचा अभ्यास करणारा हा मानवशास्त्रज्ञ परीक्षेपुरता आम्हा सर्वांना पाठ आहे. परंतु आयुष्याच्या अखेरीस, १९४० व १९४१ साली, तो दक्षिण मेक्सिकोत जाऊन हुलिओ दे ला फुएन्ते या मेक्सिकन सहकाऱ्याबरोबर बाजाराच्या दिवशी बाजारात हिंडत होता, विक्रेत्यांशी बोलून टिपणे काढत होता, हे सरांनी जाता जाता सांगितले. १९४२ साली तो वारला. त्या अभ्यासाचे पुस्तक स्पॅनिशमध्ये १९५७ साली निघाले आणि इंग्रजीत यायला १९८२ साल उजाडले. एवढा जगप्रसिद्ध विद्वान आठवडे बाजारात जाऊन करतो काय, असा प्रश्न मला पडला. आमच्या वर्गात बाजारात बसणे ही लपवण्याची गोष्ट आहे, अभ्यासाची नव्हे.

त्या शहराचे नाव वाहाका. इंग्रजी अक्षरांत ते असे काही लिहितात की मी पंधरा दिवस त्याला 'ओक्साका' म्हणत होते. मग एका चित्रफितीत तिथल्याच एका बाईंच्या तोंडून खरा उच्चार ऐकला. मेक्सिको मी पाहिलेला नाही. आमच्या घरात पासपोर्ट कोणाकडेच नाही. ग्रंथालयात जे सापडले आणि मोबाईलवर जे वाचायला-पाहायला मिळाले तेवढीच माझी शिदोरी. तरीही धीटपणे लिहिते आहे, कारण बाजार मला जन्मापासून ठाऊक आहे. मी चालायला शिकले ती मिरचीच्या दोन पोत्यांमधल्या बोळकांडीत.

वाहाका हे डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यातले, त्याच नावाच्या राज्याच्या राजधानीचे शहर. सापोतेक, मिश्तेक, मिहे अशा मूळ लोकांच्या भाषा या राज्यात अजून घरोघर बोलल्या जातात. शहराभोवतीच्या गावांनी आठवड्याचे वार वाटून घेतले आहेत. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, शनिवारी खुद्द वाहाका आणि रविवारी त्लाकोलुला. हे वाचले आणि मी थबकलेच. अमका वार अमक्या गावचा, असे जे आईला तोंडपाठ असते ते हेच! आणि गुरुवार तर आमचाच. ही पद्धत स्पॅनिश लोक त्या भूमीवर उतरण्याच्या आधीपासूनची आहे. उघड्यावर भरणाऱ्या बाजाराला मेक्सिकोत आजही 'तियांगिस' म्हणतात, आणि हा शब्द स्पॅनिश नाही, तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतला आहे. राज्य गेले, देव बदलले, भाषा बदलली, पण बाजाराचे नाव टिकून राहिले.

वार वाटून घेण्यामागे हिशेब आहे. या खोऱ्यात एकेका गावाच्या हातात एकेक कसब असते. सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी मडकी, आत्सोम्पाची हिरव्या झिलईची भांडी, तेओतित्लानची लोकरी विणकामाची घोंगडी-सतरंज्या, तिल्काहेतेची लाकडात कोरलेली रंगीत जनावरे. मडकी करणाऱ्याला घोंगडी हवी, घोंगडी विणणाऱ्याला मका हवा, मका पिकवणाऱ्याला मडके हवे. म्हणून एक बाई सकाळी पाटीभर माल विकते आणि दुपारी त्याच पैशांत मीठ, मिरची, साबण घेऊन घरी जाते. विकणारा एक वर्ग आणि विकत घेणारा दुसरा वर्ग अशी जी विभागणी आमच्या पाठ्यपुस्तकात आहे, ती अशा बाजारात दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आणखी एक गोष्ट मी वहीत टिपून ठेवली आहे. तिथे विकणारी बाई गिऱ्हाइकाला 'मार्चांता' अशी हाक मारते आणि गिऱ्हाईक बाईही तिला 'मार्चांता'च म्हणते. दोघींना एकच शब्द. आमच्या बाजारात आई गिऱ्हाइकाला 'ताई', 'वहिनी' म्हणते आणि गिऱ्हाईक तिला 'ए मिरचीवाली' म्हणते.

शहराच्या मुख्य चौकाच्या दक्षिणेला, हाकेच्या अंतरावर, छपराखालचे दोन जुने बाजार समोरासमोर आहेत. एकाला २० नोव्हेंबर या तारखेचे नाव आहे. मेक्सिकोची क्रांती १९१० साली त्या दिवशी सुरू झाली असे मानतात. दुसऱ्याला बेनितो हुआरेसचे नाव आहे. हा हुआरेस कोण, ते आपल्या महाविद्यालयातील माझ्यासारख्या मुलामुलींनी अवश्य वाचावे. १८०६ साली ग्वेलाताओ नावाच्या डोंगरातल्या खेड्यात एका सापोतेक शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला, लहानपणीच पोरका झाला, चुलत्याची मेंढरे राखू लागला. स्पॅनिश त्याला येत नव्हते. १८१८ साली, बारा वर्षांचा असताना, तो पायी चालत वाहाकाला आला, कारण त्याची बहीण तिथे एका घरी स्वयंपाकीण होती. पुढे तो शिकला, वकील झाला, राज्याचा गव्हर्नर झाला आणि शेवटी मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला. ज्या पोराला शहराची भाषा येत नव्हती त्याचे नाव आज शहरातल्या बाजाराला आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी वर्गात 'प्रेझेंट सर' म्हणताना माझा घसा कोरडा पडला होता, ते मला या ठिकाणी आठवले.

हुआरेस बाजारात शिरले की लाल-तपकिरी ढीग दिसतात. ते मिरचीचे नव्हेत, नाकतोड्यांचे! 'चापुलिनेस' म्हणतात त्यांना. मक्याच्या आणि लसूणघासाच्या शेतातून पकडून, लसूण, लिंबू, मीठ लावून, खापरावर खरपूस भाजलेले. बायका पाट्या घेऊन बसतात आणि मापाने विकतात. हे मी वसतिगृहातील मैत्रिणींना सांगितले तेव्हा दोघींनी तोंडावर ओढणी धरली. यांपैकी एकीच्या डब्यात दर बुधवारी सुकटीची चटणी असते. समुद्रातला सहा पायांहून अधिक पायांचा जीव चालतो आणि शेतातला चालत नाही, हे कोणते शास्त्र? उभ्या पिकावरचा नाकतोडा पकडून खाल्ला तर पीकही वाचते आणि पोटही भरते. तिथे म्हण अशी आहे की वाहाकात येऊन ज्याने चापुलिनेस खाल्ले तो पुन्हा वाहाकाला येतोच.

समोरच्या २० नोव्हेंबरच्या बाजारात जेवणाचे गाळे आहेत. त्यातल्या एका बोळाला धुराचीच ओळख आहे. दोन्ही बाजूंना मांस टांगलेले, खाली कोळशाच्या शेगड्या धगधगत असतात. एका गाळ्यावर तुम्ही मांसाचे पातळ लांब काप वजनावर घ्यायचे, ते तिथेच भाजून देतात. कांद्याच्या पाती आणि हिरव्या मिरच्या दुसरीकडून घ्यायच्या, त्याही त्याच निखाऱ्यावर पडतात. मक्याच्या भाकऱ्या तिसरीच बाई आणून देते. प्रत्येकीचे पैसे वेगळे. आमच्या शहरातील हॉटेलात एका बिलात सारे जेवण येते आणि पैसे एका गल्ल्यात जातात. इथे एका माणसाच्या एका जेवणावर चार घरांची चूल पेटते. हा मुद्दा माझ्या बक्षीसपात्र भाषणात कुठेच नव्हता.

या बाजाराला लागून असलेल्या मिना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. आपण दुकानातले वेष्टनातले चॉकलेट ओळखतो. तिथे बाई गिरणीत जाऊन भाजलेला कोको, बदाम, दालचिनी आणि साखर आपल्या घरच्या प्रमाणात निवडते, गिरणीवाला ते डोळ्यांदेखत दळून देतो आणि खालून गरम, तेलकट, काळा लगदा बाहेर पडतो. घरोघरचे प्रमाण निराळे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात मसाल्याच्या डंकावर जो ठसका उठतो आणि 'माझ्यात धने जास्त, तिच्यात खोबरे जास्त' असा जो वाद चालतो, तो आठवून मला घरी असल्यासारखे वाटले. त्याच बाजारात 'तेहाते' नावाचे पेयही मिळते. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामे नावाच्या फळाची बी आणि एका झाडाची सुवासिक फुले पाट्यावर वाटून, मोठ्या परातीत थंड पाणी घालत बाई कोपरापर्यंत हात बुडवून ते घुसळत राहते, तेव्हा वर पांढरा फेस धरतो. मग रंगवलेल्या तुंब्याच्या वाटीत ते प्यायचे. हे बनवणाऱ्या बायका बहुतेक सान आंद्रेस वायापाम या एकाच गावच्या. उन्हात बाजार करून आलेल्या बाईला ते जेवणाइतके पुरते म्हणतात.

मिरचीबद्दल न लिहिले तर आई मला घरात घेणार नाही. मिरची मूळची त्याच भूमीतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तिथून आपल्या तव्यावर आली. ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती, तिखटाला मिरी होती. टोमॅटो, मका, चिकू हेही तिकडचेच. वाहाकाजवळ मित्ला गावाच्या बाजूला गिला नाकित्स नावाची गुहा आहे, तिथे सहा हजार वर्षांहून जुनी मक्याची कणसे सापडली आहेत. म्हणजे आईच्या गोणपाटावर जे आहे त्याचे माहेर त्या बाजाराच्या आसपास आहे.

तिथला मोठा मान 'मोले नेग्रो' या काळ्या कालवणाचा. त्यात वीसहून अधिक जिन्नस पडतात. मिरच्या आणि त्यांच्या बिया जवळजवळ काळ्या होईस्तोवर भाजतात, आणि शेवटी थोडे चॉकलेट घालतात. बाजारात त्याचा तयार लगदा ढिगाने मिळतो. खऱ्या काळ्या मोलेला 'चिल्वाक्ले' नावाची मिरची लागते. ती वाहाका राज्यातल्या कुइकात्लानच्या बाजूला थोडेच शेतकरी पिकवतात, महाग पडते, म्हणून अनेक घरांत दुसऱ्या मिरचीवर भागवतात. तिचे चित्र मी आईला दाखवले. आई म्हणाली, "ही तर वाळलेली ढबूच दिसती." मग जरा थांबून म्हणाली, "घेणारं गिऱ्हाईक ऱ्हायलं न्हाई की पिकवणारा बी ऱ्हात न्हाई." अर्थशास्त्राच्या दोन प्रकरणांत जे आहे ते तिने एका वाक्यात संपवले, म्हणून तसेच लिहिले.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मराठीत आपण 'बाजार करणे' म्हणतो. बाजार करायला जाणारा माणूस पिशवी घेऊन जातो, भाव विचारतो, माल दाबून पाहतो, भांडतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच बाईकडे येतो. बाजार बघायला जाणारा माणूस कॅमेरा घेऊन जातो, 'किती सुंदर' म्हणतो आणि पुन्हा येत नाही. वाहाकाच्या बाजारात आज दोन्ही प्रकारचे लोक आहेत. शहराचा जुना भाग १९८७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. मेक्सिकोचा पारंपरिक स्वयंपाक २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत गेला. जगभरचे लोक येऊ लागले. यात वाईट काय, असे कोणी विचारील. पैसा येतो हे खरे आहे. पण त्याच पैशाने घरभाडी चढली, आणि २०२४ साली वाहाकातील तरुण मंडळींनी शहर विकाऊ नाही म्हणत मोर्चा काढला. बाजार बघणाऱ्यांसाठी बाजार करणाऱ्यांना घर सोडावे लागले तर तो बाजार उरेल कोणासाठी?

या प्रश्नाला वाहाकाच्या लोकांनी एकदा फार मजेशीर उत्तर दिले होते. २००२ साली मॅक्डोनाल्ड कंपनीला शहराच्या मुख्य चौकात दुकान काढायचे होते. तेव्हा फ्रान्सिस्को तोलेदो हा नामवंत सापोतेक चित्रकार आणि त्याचे सहकारी विरोधात उभे राहिले. त्यांनी दगड मारले नाहीत. चौकात झाडांखाली बसून त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला 'तामाल' फुकट वाढले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याच्या पिठाचे मुटके. हजारो सह्या गोळा झाल्या आणि त्या वर्षाअखेर नगरपालिकेने परवानगी नाकारली. तोलेदो २०१९ साली वारला. हे आंदोलन यशस्वी का झाले, याचे माझे उत्तर असे की ते तामाल कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. खाणाऱ्यांनी ते आदल्या दिवशीही खाल्ले होते. जे रोज खाल्ले जाते त्याच्यासाठीच माणसे रस्त्यावर येतात.

हस्तकलांचे मात्र मला तितके सोपे वाटत नाही. कोयोतेपेकची मडकी पूर्वी राखाडी, खरबरीत असत. पाणी आणि मेस्काल दारू वाहून न्यायला ती वापरत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने एक युक्ती काढली. अर्धवट वाळलेले मडके गारेच्या खड्याने घासून गुळगुळीत करायचे आणि जरा कमी आचेवर भाजायचे, की ते काळ्या आरशासारखे चकाकते. जगभरच्या संग्राहकांनी ती मडकी नेली. दोन्या रोसा १९८० साली वारल्या, पण गाव आजही त्या चकाकीवर जगते. मात्र एक गोष्ट घडली. कमी भाजल्यामुळे चकाकणारे मडके कच्चे राहते आणि त्यात पाणी टिकत नाही. ते फळीवर ठेवायचे, बस्स. हे वाचले आणि मला वाटले की माझ्या लेखाला शेवट सापडला. पाणी न धरणारा घडा! बाजार बघणाऱ्यांनी कारागिराचे काय केले याचे याहून मोठे उदाहरण कोणते? मी तसा एक भारदस्त परिच्छेद लिहिलाही आणि रविवारी आईला वाचून दाखवला.

आई मिरच्यांची देठे खुडत होती. म्हणाली, "तिची पोरं त्याच्यावर जेवली का न्हाई?" मी म्हटले, जेवली. "मग तिला का नावं ठेवतीस? पाण्याला प्लास्टिकची घागर आली तवा तुझ्या त्या लोकांनी मातीची घेतली असती का?" मी तो परिच्छेद फाडला. दोष चकाकीचा नाही, आणि दोन्या रोसांचा तर मुळीच नाही. रोजचे गिऱ्हाईक गेले म्हणून कारागिराला फळीवरचे गिऱ्हाईक शोधावे लागते. आणि परंपरा म्हणून सारेच जपावे असेही नाही. आत्सोम्पाच्या ज्या हिरव्या झिलईचे इतके कौतुक होते तीत शिसे असते आणि ते स्वयंपाकाबरोबर पोटात जाते. आता बिनशिशाची झिलई वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. तो बदल व्हायलाच हवा.

फळीवरच्या गिऱ्हाइकाची दुसरी बाजूही आहे. २०१५ साली वाहाकाच्या डोंगरातील त्लाउइतोल्तेपेक या मिहे लोकांच्या गावाने तक्रार केली की आमच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घालतात त्या पोलक्याची नक्कल एक फ्रेंच फॅशन-व्यवसाय आपले म्हणून विकतो आहे. जगभर त्याचा बोभाटा झाला. २०२२ साली मेक्सिकोत मूळ लोकांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरीही पर्यटक वाहाकाच्या हस्तकला बाजारात आठवडाभर खपून भरतकाम केलेल्या पोलक्याच्या किमतीवर घासाघीस करतोच, आणि विमानतळावरच्या कॉफीची किंमत मात्र मुकाट्याने देतो. आपणही याला अपवाद नाही. गेल्या जानेवारीत आपल्या महाविद्यालयात 'पारंपरिक दिन' साजरा झाला. मुली नऊवारीत, मुले फेट्यात, प्रवेशद्वाराशी बैलगाडी, आणि पिठले-भाकरीचे ताट भारी दराने. छायाचित्रे सुरेख निघाली. तो दिवस गुरुवारच होता. खरा बाजार अर्ध्या मैलावर भरला होता आणि त्या दिवशी आईचे बोहनीसुद्धा दुपारी झाली.

ही टीका करण्याचा अधिकार मला किती, हे प्राध्यापक मंडळी जाणतातच, कारण परीक्षक तेच होते. परंतु एक गोष्ट आता लिहायलाच हवी. आमच्या गावचा गुरुवारचा बाजार बाह्यवळण रस्त्यापलीकडे हलवायचे घाटते आहे, जुन्या जागेवर गाळे होणार आहेत. याला सरसकट विरोध करावा असे मी म्हणत नाही. वाहाकाचा शनिवारचा मोठा बाजारही १९७० च्या दशकात शहराच्या मध्यातून उठवून कडेला नेला गेला. त्याला सेंत्राल दे आबास्तोस म्हणतात. तो मेला नाही. उलट आज शहरातला सर्वांत मोठा बाजार तोच आहे, गल्ल्यांचे नुसते जंजाळ, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. याचे एक कारण अगदी साधे आहे. त्याच्या शेजारीच खेड्यापाड्यांतून येणाऱ्या साध्या गाड्यांचे बसस्थानक आहे. बाई कोंबडी बगलेत मारून गाडीतून उतरते ती थेट बाजारात. आमच्या नव्या जागेजवळ एस.टी. थांबत नाही. तिथून डोक्यावर पोते घेऊन दीड मैल कोण चालणार? गिऱ्हाईक येणार रिक्षाने, आणि रिक्षाचे भाडे मिरचीच्या भावातून कापून मागणार. तिथे एस.टी.चा थांबा, सावली, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी शौचालय ही चार कामे आधी झाली तर बाजार खुशाल हलवावा, आणि ती होत नसतील तर आहे तिथेच राहू द्यावा. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी यंदाच्या शिबिरात वृक्षारोपणाऐवजी गुरुवारच्या बाजारातील विक्रेत्यांची नोंद केली, कोण कुठल्या गावाहून, कशाने, काय घेऊन येते ते लिहून काढले, तर निदान बोलायला कागद हाती येईल. सरांनी याला मान्यता द्यावी अशी माझी विनंती आहे.

त्याच रविवारी मी आईला पेल्याचीही हकीकत सांगितली. विषय काय होता, मी कोणत्या बाजूने बोलले, कोणत्या वाक्याला टाळ्या पडल्या, सारे सांगितले. ती रागावेल या तयारीने मी बसले होते. तिने हातातली मिरची खुडली, देठ बाजूला टाकले.

"माश्या हायेत की. धूळ बी हाय. खोटं काय बोल्लीस त्यात?"

मी गप्प राहिले.

"पर संडासाचं बोलायला पायजे हुतं," ती म्हणाली. "सकाळी सहाला बसतो आमी. दिवसभर पाणी पीत न्हाई कुणी बाई. ते न्हाई बोल्लीस?"

"नाही."

"मग दुसरा नंबर बी जास्तीच दिला तुला," आई म्हणाली, आणि मिरच्यांचे अर्धे सूप तिने माझ्याकडे सरकवले.